किडनी काढून अकरा वर्षं झाली, आता स्वादुपिंडात गाठ: नवा कॅन्सर की जुनाच?

डिचोलीकडच्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडिलांचं वय ६९. अकरा वर्षांपूर्वी डाव्या किडनीत सात सेंटीमीटरची गाठ सापडली, किडनी काढली, रिपोर्टमध्ये ‘क्लिअर सेल’, म्हणजे किडनीच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार आला. पाच वर्षं तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ निघालं. मग कुणी बोलावलं नाही आणि हेही गेले नाहीत. आता पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर स्वादुपिंडाच्या शेपटाकडे, म्हणजे डाव्या टोकाला, अडीच सेंटीमीटरची गाठ दिसली. पुढे सीटी स्कॅन झाला आणि ज्यांना दाखवलं त्यांनी ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार तर वर्षभर’ असं सांगितलं. मुलाने जुन्या ऑपरेशनचा विषय काढला, तर उत्तर मिळालं की किडनीचा कॅन्सर फुप्फुसात किंवा हाडात जातो, स्वादुपिंडात जात नाही आणि इतक्या वर्षांनी तर नाहीच. मुलाला तीन गोष्टी हव्या आहेत. हे खरं का? मुंबईला न्यावं का? आणि बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही, सांगावं का?

मी गोव्यात मूत्ररोगाची शस्त्रक्रिया करतो आणि किडनीच्या कॅन्सरचे रुग्ण ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं माझ्याकडे येत राहतात. त्या अनुभवावरून आधी एवढंच सांगतो: ‘वर्षभर’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवा. तो ज्या आजाराबद्दल बोलला जातो, तो आजार तुमच्या वडिलांना आहे हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही.

खरा प्रश्न असा आहे की गाठीतल्या पेशी स्वादुपिंडाच्या स्वतःच्या आहेत की किडनीतून आलेल्या. जागा एकच, पण आजार पूर्ण वेगळे. स्वादुपिंडाच्या नळीतून उगवणारा नेहमीचा कॅन्सर फार आक्रमक असतो. सगळे टप्पे मिळून पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेतल्या अलीकडच्या आकड्यांत शंभरात साधारण तेरा आहे. उलट किडनीच्या कॅन्सरची गाठ स्वादुपिंडात आली आणि ती ऑपरेशनने काढता आली, तर पाच वर्षांनंतर निम्म्याहून अधिक रुग्ण हयात असल्याचं बहुतेक मोठ्या रुग्णालयांच्या अनुभवात दिसतं. औषधंही वेगळी. पहिल्यात केमोथेरपी हा कणा असतो, दुसऱ्यात केमोचा जवळजवळ काही उपयोग होत नाही. म्हणजे नाव चुकलं तर पुढचे उपचारही चुकतात.

मी स्कॅनचे फोटो पाहिलेले नाहीत, फक्त रिपोर्ट वाचलाय, म्हणून ही गाठ किडनीचीच आहे असं मी म्हणणार नाही. ६९ वर्षांच्या माणसाला स्वादुपिंडाचा स्वतंत्र कॅन्सर होऊ शकतो. हळू वाढणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठही असू शकते. आणखी एक शक्यता फारसं कुणी सांगत नाही: काही माणसांत प्लीहेचा छोटासा तुकडा जन्मापासूनच स्वादुपिंडाच्या शेपटात असतो. तो स्कॅनवर गाठीसारखा दिसतो आणि पूर्ण निरुपद्रवी असतो. गाठ शेपटात आहे म्हणून हेही तपासायला हवं. पण ज्याची किडनी क्लिअर सेल कॅन्सरसाठी काढली आहे, त्याच्या शरीरात कुठेही, कितीही वर्षांनी नवी गाठ दिसली तर आधी संशय जुन्या आजारावर घ्यायचा आणि तो चुकीचा असेल तर पुराव्याने दूर करायचा, हा आमच्याकडचा नियम आहे. तुमच्याकडे नेमकं उलट झालंय.

‘किडनीचा कॅन्सर स्वादुपिंडात जात नाही’ हे वाक्य कुठून येतं ते मला कळतं. नेहमीच्या जागा वेगळ्या आहेत: फुप्फुसं सगळ्यांत पुढे, मग हाडं, लसिका ग्रंथी, यकृत, अ‍ॅड्रिनल, मेंदू. स्वादुपिंड त्या यादीत खाली येतं. पण आकडेवारी दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. दुसऱ्या अवयवाच्या कॅन्सरमुळे स्वादुपिंडात आलेल्या ज्या गाठी शल्यचिकित्सक ऑपरेशन करून काढतात, त्यांत सर्वाधिक किडनीच्याच असतात. थायरॉइडचंही तसंच. बाहेरून थायरॉइडमध्ये आलेल्या आणि रुग्णाच्या हयातीत सापडलेल्या गाठींत किडनीचा वाटा पहिला आहे. नाक आणि सायनसमध्ये छाती-पोटातून पोचणाऱ्या कॅन्सरमध्येही किडनीच पुढे असते. म्हणून किडनीच्या बाजूने पाहिलं तर या जागा विरळ वाटतात, आणि त्या त्या अवयवाच्या बाजूने पाहिलं तर किडनी हा पहिला संशयित ठरतो.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढच्या तपासण्याही समजतील. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुतेकदा व्हीएचएल नावाचं जनुक निकामी झालेलं असतं. एरवी हे जनुक पेशीला प्राणवायू पुरेसा आहे की नाही याचा हिशेब ठेवायला मदत करतं. ते बंद पडलं की प्राणवायू भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. प्राणवायू ओळखण्याच्या याच यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९चं नोबेल मिळालं. परिणाम असा की ही गाठ रक्ताने भरलेली असते, आणि पेशी सुटल्या तर त्यांना थेट रक्ताचा रस्ता मिळतो. त्यातच हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांतून फिरतो.

रस्ते एकापेक्षा अधिक आहेत. मुख्य रस्ता किडनीच्या शिरेतून हृदयाकडे आणि तिथून फुप्फुसांकडे, म्हणून फुप्फुसं पहिली. दुसरा रस्ता पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याचा. या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त उलट दिशेनेही जातं. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बॅटसन यांनी १९४०मध्ये याचं वर्णन केलं. फुप्फुसं स्वच्छ असताना डोक्यात किंवा मानेत गाठ कशी आली, याचं एक उत्तर इथे मिळतं. डाव्या किडनीच्या शिरेला वृषणाची किंवा बीजकोषाची शीर येऊन मिळते, म्हणून क्वचित खालच्या बाजूलाही पेशी उलट उतरतात.

पण नुसत्या रस्त्यांनी स्वादुपिंडाचं कोडं सुटत नाही. फक्त शेजारामुळे पसरत असतं तर डाव्या किडनीचा कॅन्सर शेपटात आणि उजव्या किडनीचा स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या, म्हणजे उजवीकडच्या भागात जास्त दिसला असता. तसं दिसत नाही. इथे लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो: बी सगळीकडे पडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. आपल्याकडे काजू डोंगराच्या कातळावरही धरतो, सुपारीला मात्र कुळागराचा, म्हणजे पोफळीच्या बागेचा ओलावा आणि सावली लागते, तसंच. स्वादुपिंडाची माती किडनीच्या या विशिष्ट जातीच्या पेशींना मानवते, आणि ही जात बहुतेकदा संथ असते. स्वादुपिंडात आलेल्या गाठी वर्षानुवर्षं मंद वाढतात आणि इतर अवयवांतल्या गाठींपेक्षा उपचारांना चांगली दाद देतात, हे अनेक ठिकाणी पाहिलं गेलंय. हा धीर द्यायचा शब्द नाही, आजाराचा स्वभावच तसा आहे.

माझ्या पाहण्यातली काही उदाहरणं सांगतो, कारण तुमच्यासारखेच इतर जण हे वाचत असतील. एका बाईंना वारंवार नाकातून रक्त यायचं. उन्हाळा, रक्तदाब, नाक कोरणं अशी कारणं सांगून झाली होती. नाकातली गाठ तपासायची ठरली तेव्हा तिने सहज सांगितलं की तिची एक किडनी काढलेली आहे. त्या एका वाक्यामुळे ईएनटीच्या डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात तुकडा काढण्याचा बेत रद्द केला आणि रक्ताची सोय करून थिएटरमध्ये घेतलं. बरं झालं, कारण गाठ किडनीचीच निघाली आणि या गाठींतून रक्तस्राव जोरात होतो. दुसऱ्या एका गृहस्थांच्या डोक्यावर केसांत गाठ होती. न्हाव्याने दाखवली. लालसर, मऊ, हाताला किंचित ठोके जाणवणारी. चरबीची गाठ म्हणून काढायची ठरली होती. तीही किडनीचीच. थायरॉइडच्या गाठी घेऊन आलेले तर बरेच पाहिले. दोघा-तिघांच्या बाबतीत सुईच्या तपासणीत ‘थायरॉइडचाच असावा’ असं आलं होतं, कारण पेशी तपासणाऱ्याला जुन्या किडनीबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. तपासणीच्या फॉर्मवर ‘जुना इतिहास’ अशी एक ओळ असते. ती रिकामी सोडू नका, कुणालाही रिकामी सोडू देऊ नका.

आता ‘इतक्या वर्षांनी कसा?’ हा भाग. किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरची ही सवयच आहे. परत उलटणाऱ्यांपैकी बहुतेकांत तो पहिल्या पाच वर्षांत उलटतो, म्हणून तपासण्यांचं वेळापत्रक तिथवर दाट असतं. पण दहा, पंधरा, वीस वर्षांनीही उलटल्याच्या नोंदी आहेत. स्वादुपिंडातल्या गाठीचं तर किडनी काढल्यापासूनचं सरासरी अंतरच दहा वर्षांच्या आसपास भरतं. तुमच्या वडिलांची अकरा वर्षं या चित्रात अगदी बसतात. पाच वर्षांनी ‘आता यायची गरज नाही’ असं सांगायची पद्धत मला कधीच पटलेली नाही. सात सेंटीमीटरची गाठ असलेल्या माणसाने पुढेही वर्षा-दोन वर्षांनी दाखवत राहावं.

तपासण्यांकडे येतो. पहिली, स्वादुपिंडासाठीचा खास सीटी स्कॅन, ज्यात रंगद्रव्य दिल्यावर धमन्यांतून रक्त जातानाचे आणि नंतर शिरांतून परतताना असे वेगवेगळे फोटो घेतात. किडनीची गाठ रक्ताने भरलेली असल्यामुळे पहिल्या टप्प्यात ती झगझगीत उजळते. स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर उलट आजूबाजूपेक्षा काळपट दिसतो. एवढ्यावरच अर्धं उत्तर मिळतं. तुम्ही पाठवलेल्या सीटीच्या रिपोर्टमध्ये फक्त शेवटच्या, म्हणजे शिरांच्या टप्प्यातल्या फोटोंचा उल्लेख आहे. त्या टप्प्यात किडनीची गाठही विझल्यासारखी दिसू शकते. त्यामुळे तो स्कॅन ‘किडनीची नाही’ असं म्हणायला पुरेसा नाही. वडिलांची एकच किडनी आहे, म्हणून रंगद्रव्य देण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघायला सांगा. ते वाढलेलं असेल तर एमआरआयचा विचार करता येतो. आणि पोट दुखतं म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका, त्या उरलेल्या किडनीला झेपत नाहीत.

उजळणाऱ्या गाठीही दोन-तीन प्रकारच्या असतात हे वर आलंच: किडनीची, न्यूरोएंडोक्राइन, आणि प्लीहेचा तुकडा. त्यांच्यात निवाडा करायला बहुतेकदा पेशी लागतात. त्यासाठी घशातून दुर्बीण घालून पोटाच्या आतून सोनोग्राफी करतात आणि तिथूनच सुईने नमुना घेतात. अनुभवी हातात हे सुरक्षित आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. नमुना पॅथॉलॉजीत गेल्यावर त्यावर विशेष रंग वापरतात. पॅक्स-८ आणि कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९ हे किडनीकडे बोट दाखवतात, क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन न्यूरोएंडोक्राइनकडे. एकाच रंगावर निकाल देऊ नये. थायरॉइडच्या गाठीत तर पॅक्स-८ दोन्हीकडे उमटतो, तिथे थायरोग्लोब्युलिन बघावं लागतं.

इथे तुमच्या हातात एक मोठं काम आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या किडनीचे मेणात जपलेले तुकडे, ज्यांना ब्लॉक म्हणतात, आणि काचेच्या स्लाइड्स. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून ते मागा. बऱ्याच ठिकाणी ते वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात. जुना आणि नवा नमुना शेजारी ठेवून बघणं यासारखा पुरावा नाही. ब्लॉक मिळाला नाही तर निदान जुना रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड तरी हवंच.

पेट स्कॅनबद्दल सावध राहा. तो स्वच्छ आला म्हणून सुटलो असं समजू नका. क्लिअर सेलच्या पेशी साखर नेहमीच कमी-जास्त उचलतात, त्यामुळे नेहमीच्या पेटमध्ये त्या कधी दिसतात, कधी नाही. न्यूरोएंडोक्राइनसाठी जो डोटाटेट स्कॅन करतात, त्यात किडनीच्या गाठीही उजळू शकतात. तेव्हा ‘डोटाटेट पॉझिटिव्ह, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन’ असं कुणी म्हणालं तर पेशींचा रिपोर्ट विचारा.

समजा गाठ किडनीचीच निघाली. मग छाती, पोट आणि लक्षणं असतील तर हाडं आणि डोकं यांचा आढावा घेऊन आणखी कुठे काही आहे का ते बघायचं. गाठ एकटीच असेल, वडील चालते-फिरते असतील आणि हृदय धडधाकट असेल, तर शेपटाचा भाग काढण्याचं ऑपरेशन हा चांगला पर्याय आहे. अनेकदा प्लीहाही काढावी लागते, मग ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी न्यूमोनियासारख्या आजारांच्या लसी द्याव्या लागतात. ते आधीच विचारून ठेवा. मधुमेह नवा लागू शकतो किंवा असलेला वाढू शकतो. डोक्याकडच्या भागातली गाठ असती तर ऑपरेशन खूप मोठं झालं असतं आणि मी इतक्या सहज हे सुचवलं नसतं.

गाठी अनेक असतील किंवा ऑपरेशन झेपणारं नसेल, तरी दार बंद होत नाही. २००५-०६मध्ये सोराफेनिब आणि सुनिटिनिब या गोळ्या आल्या तेव्हापासून या आजाराचं चित्र बदललं. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रोखणं हे त्यांचं काम. पुढे काबोझँटिनिब, अ‍ॅक्सिटिनिब आली, आणि प्रतिकारशक्तीला जागं करणारी निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं. स्वादुपिंडातल्या गाठी रक्तवाहिन्यांवर फार अवलंबून असल्यामुळे त्या वाहिन्या रोखणाऱ्या गोळ्यांना विशेष दाद देतात. नुसत्या इम्युनोथेरपीला तेवढी देत नाहीत. हे ऑन्कॉलॉजिस्टशी बोलताना जरूर काढा, कारण इम्युनोथेरपीचा खर्च मोठा असतो आणि घर गहाण ठेवण्याआधी हे माहीत असायला हवं. अंदाज बांधताना ते हिमोग्लोबिन, कॅल्शियम, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, माणसाची हालचाल आणि आजार पहिल्यांदा कळल्यापासून औषध सुरू करण्यापर्यंतचं अंतर बघतील. ते अंतर वर्षाहून कमी असणं वाईट मानतात. तुमच्याकडे ते अकरा वर्षं आहे. कधी कधी छोट्या, संथ गाठी असलेल्या वयस्कर रुग्णाला आम्ही तीन-चार महिन्यांनी स्कॅन करत नुसतं लक्ष ठेवायलाही सांगतो. ते दुर्लक्ष नसतं, उपचारांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

मुंबईचं. परळला टाटा हॉस्पिटलात धावायची घाई इतक्यात नको. स्कॅन, रक्ततपासण्या आणि जुना ब्लॉक गोळा करणं हे इथेच करा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवा आणि युरोलॉजी, पोटाचे सर्जन व कॅन्सर विभाग या तिघांनी मिळून बघावं अशी विनंती करा. दुर्बिणीतून सुईचा नमुना कुठे चांगला होतो ते तिथेच विचारा. स्वादुपिंडाचं ऑपरेशन मात्र जिथे ते नेहमी होतं तिथेच करावं, या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. त्यासाठी मुंबई किंवा अन्य मोठं केंद्र लागलं तर जरूर जा, पण हातात पूर्ण फाईल घेऊन, म्हणजे तिथे धर्मशाळेत राहून त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड चालू आहे का, आणि राज्याबाहेर जायचं झालं तर सरकारी मेडिक्लेम मिळेल का, याची चौकशी निघण्याआधी करा, परतल्यावर नाही. या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागले तर बिघडत नाही. पण डोळे पिवळे झाले, शौच काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काविळीवर गावठी मुळी देणारे आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांच्याकडे या माणसाला मुळीच नेऊ नका.

तुम्हा भावंडांना धोका आहे का, हेही ओझरतं विचारलंय. साठीच्या आसपास, एकाच किडनीत, एकच गाठ असेल तर बहुतेकदा आजार वंशागत नसतो. घरात आणखी कुणाला कमी वयात किडनीची गाठ, डोळ्याच्या पडद्यावर किंवा मेंदूत रक्तवाहिन्यांची गाठ झाली असेल तर मात्र व्हीएचएलची जनुकीय तपासणी करून घ्या.

राहिला बाबांना सांगण्याचा प्रश्न. सांगा. ‘कॅन्सर पसरलाय’ अशा शब्दांत सांगायचं कारण नाही, कारण ते अजून ठरलेलंच नाही. ‘स्वादुपिंडात एक गाठ दिसली आहे, जुन्या आजाराशी तिचा संबंध आहे का ते तपासायचंय’ एवढं खरं आहे आणि एवढंच सांगायचं आहे. ज्या माणसाला स्वतःच्या किडनीचं ऑपरेशन आठवतं, त्याला चार वेळा बांबोळीला नेऊन ‘गॅसची तपासणी’ म्हटलेलं कळत नाही असं नसतं. शिवाय प्रत्येक नव्या टेबलासमोर, सुई घेण्याआधी, इंजेक्शन देण्याआधी, ‘माझी डावी किडनी कॅन्सरसाठी काढली आहे’ हे वाक्य त्यांच्याच तोंडून निघायला हवं, कारण तुम्ही प्रत्येक वेळी शेजारी असालच असं नाही. सुरुवात कशी करायची सुचत नसेल तर जुनी फाईल कुठे ठेवली आहे ते त्यांनाच विचारा. ती तशीही लागणारच आहे. त्यातला ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि नव्या सीटीतलं धमन्यांच्या टप्प्याचं वर्णन, हे दोन कागद हातात आले की मला कळवा, पुढची पायरी बघू.